माझं ताट आणि घरातले चार डॉक्टर

गेल्या रविवारी आमच्याकडे लोणच्यावरून वाजलं. मी कैरीच्या लोणच्याची एक फोड, एकच, वरणभातावर घेतली आणि समोरून "अहो" असं आलं, लग्नाला पंचेचाळीस वर्षं झालेल्यांना त्या "अहो"चा अर्थ वेगळा सांगायला नको. मी ती फोड परत बरणीत टाकायला निघालो तर दुसरं "अहो", कारण भाताला लागलेली फोड बरणीत गेली की वर्षाचं लोणचं बुरशी धरतं. मग ती फोड ताटाच्या कडेला तशीच राहिली आणि आम्ही दोघं तिच्याकडे न बघता जेवलो.

तर हे लोणचं माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमुळे बंद आहे. कसं ते सांगतो, पण जरा मागून.

मी ७४ वर्षांचा, बँकेतून रिटायर्ड, पुण्यात सहकारनगरात राहतो. २०२२ च्या दिवाळीच्या सुमाराला रात्री चार चार पाच पाच वेळा लघवीला उठायला लागलो, म्हटलं वय झालं, कट्ट्यावरचे सगळेच उठतात, कुणी तीनदा कुणी चारदा, त्याची तर आमच्यात स्पर्धाच असते. शेवटी सून मागे लागली म्हणून रक्त दिलं. पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, ३८ आला. साधारण चारच्या आत असला की डॉक्टर फार बघत नाहीत, म्हणजे अंदाज करा. मग एमआरआय, बायोप्सी, ग्लीसन स्कोअर (कॅन्सर किती जहाल ते सांगणारा आकडा) ८, आणि स्कॅनमध्ये कॅन्सर ओटीपोटातल्या एकदोन लिम्फ नोडमध्ये, म्हणजे गाठींमध्ये, गेलेला, हाडांत मात्र नाही. डॉक्टर म्हणाले तीन वर्षं इंजेक्शनं, दोन वर्षं गोळ्या, मधे पाच आठवडे रेडिएशन. मी मान डोलावली. घरी येताना रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घातला, तो मात्र नीट आठवतो.

हा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून इंजेक्शन देऊन शरीरातलं टेस्टोस्टेरॉन जवळजवळ बंद करतात. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जननं हे १९४१ साली दाखवून दिलं आणि त्याला नोबेल मिळालं १९६६ साली, मी तेव्हा नववीत होतो. तेव्हा ऑपरेशन करून वृषणं काढायचे, आता दर तीन महिन्यांनी एक सुई, परिणाम तोच. आणि हे टेस्टोस्टेरॉन म्हणजे फक्त मिशी आणि आवाज नव्हे हो, हाडं, स्नायू, अंगातली उष्णता, झोप, मूड, सगळ्यात त्याचा हात असतो, ते गेलं की हे सगळे एकेक करून रुसतात. डॉक्टरांनी हे सांगितलं असणारच, पण त्या दिवशी "आटोक्यात राहील" एवढे दोन शब्द सोडून माझ्या कानात काही शिरलं नाही.

पहिला पत्ता लागला पँटवरून. वर्षभरानं एका लग्नाला जायचं म्हणून जुनी ग्रे पँट काढली तर ती कमरेला लागेना आणि मांडीवर ढगळ. वजनकाट्यावर ६८ किलो, पूर्वी होतो तेवढाच! मी खूश होतो की वजन टिकलंय, पण आत सगळी अदलाबदल झालेली, मांड्यांचे स्नायू गेले आणि त्या वजनाची चरबी पोटावर येऊन बसली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यातली रक्कम तेवढीच पण एफडी मोडून सगळं उधारीत गेलंय. काटा हे सांगत नाही. शिंप्यानं टेप लावून सांगितलं.

आता घरातले चार डॉक्टर.

पहिली अर्थात ही. निदान झालं त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात गुळवेलीचा काढा, गव्हांकुरांचा रस, डाळिंबाचा रस आणि टोमॅटोचं सार सुरू झालं. सार आठवड्यातून पाच दिवस. टोमॅटोत लायकोपीन नावाचं लाल रंगद्रव्य असतं, तो शिजवला आणि तुपातेलाबरोबर खाल्ला की ते जास्त शोषलं जातं, इथपर्यंत बरोबर आहे, पण झालेला कॅन्सर त्यानं मागे हटतो असं कुणी ठामपणे दाखवलेलं नाही, आणि पाच दिवस सार खाऊन माणूस मागे हटतो हे मी स्वतः दाखवून दिलंय.

दुसरे आमचे चिरंजीव. त्याला कुठल्यातरी व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं की साखर कॅन्सरला खायला घालते, की झाली साखर बंद. त्या वर्षीच्या गणपतीत घरात एकवीस उकडीचे मोदक झाले आणि माझ्या ताटात एक नाही. मी पाचव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आरतीला म्हणून गेलो आणि दोन मोदक वर तूप घालून खाऊन आलो, मिशीला सारण लागलेलं म्हणून पकडला गेलो, बहात्तराव्या वर्षी. पुढे डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले साखरेनं कॅन्सर वाढतो वगैरे सोडा, पण या इंजेक्शनांनी आणि गोळ्यांबरोबरच्या प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं रक्तातली साखर चढते, तुमचं एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.३ आहे, तेव्हा बेतानं खा. म्हणजे चिरंजीवांचं उत्तर बरोबर, रीत चूक. मार्क द्यायचे की नाही अजून ठरत नाहीये.

तिसरा न्यू जर्सीचा मेव्हणा. त्यानं कुरिअरनं सेलेनियम आणि व्हिटॅमिन ईच्या मोठ्या बाटल्या पाठवल्या, "प्रोस्टेटसाठी बेस्ट". सुनेनं बाटली वाचली आणि मग लॅपटॉप उघडला. याच दोन गोष्टींवर अमेरिकेत सिलेक्ट नावाची प्रचंड मोठी चाचणी झालीये, २००१ पासून, पस्तीस हजारांवर पुरुष, फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या आणि २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त! ते पुरुष निरोगी होते, माझ्यासारखे आजारी नव्हते, पण तरी ज्याच्यासाठी घ्यायचं त्याचंच वाढलं हे वाचल्यावर बाटल्या माळ्यावर गेल्या. मेव्हण्याला अजून सांगितलेलं नाही, तो दर फोनला विचारतो आणि मी "चालू आहे" म्हणतो, आयुष्य चालू आहे ते सांगतो मी.

चौथी डॉक्टर सूनबाई. ही त्यातल्या त्यात खरी. तिनं एक्सेल केलं. सोमवार ते रविवार, सात रकाने, हिरवा लाल पिवळा. हिरव्यात भाज्याच भाज्या. तिनंच नंतर एकदा जेवताना प्रामाणिकपणे वाचून दाखवलं की ज्यांचा कॅन्सर सौम्य आहे आणि नुसतं लक्ष ठेवलंय अशा ४७८ पुरुषांवर अमेरिकेत प्रयोग झाला, अर्ध्यांना फोनवर मागे लागून लागून रोज सात वाट्या भाज्या खायला सांगितल्या, दोन वर्षांनी बघितलं तर आजार पुढे सरकण्यात काही फरक नाही, २०२० साली छापून आलंय. ती वाचत होती तेव्हा माझ्या ताटात दुधीची भाजी होती. मी ती संपवली, आवडते म्हणून. पण खरं सांगतो, त्या दिवशी फार हलकं वाटलं, की मी आजारी पडलो तो भाजी कमी खाल्ली म्हणून नाही, आणि रोज प्रत्येक घासाला "हा मला वाचवेल का मारेल" असं बघायची गरज नाही. भाज्या हृदयासाठी, पोटासाठी खायच्याच, माझ्या वयाच्या लोकांना हार्ट अटॅक काय कमी येतात?

काढ्याचा निकाल मात्र वेगळ्या पद्धतीनं लागला. माझ्या गोळ्या, अबिराटेरॉन, चार गोळ्या रोज, त्या घेताना लिव्हरवर लक्ष ठेवावं लागतं. एकदा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, १४२ आलं, एरवी साधारण चाळीसच्या आत असावं लागतं. डॉक्टर म्हणाले, बाकी काय काय घेता? मी गप्प. ही गप्प, पर्सचा बंद हातात गुंडाळत बसलेली. सून म्हणाली, "गुळवेल." कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीनंतर लिव्हर बिघडलेल्या केसेस छापल्या होत्या, आयुष मंत्रालयानं ते खोडून काढलं होतं, त्या वादात मी पडत नाही. माझं कशानं वाढलं तेही कुणी सांगू शकत नाही, कारण त्या गोळ्यांनीसुद्धा वाढतं. गोळ्या आणि काढा दोन्ही थांबवले, तीन आठवड्यांनी आकडा उतरला, गोळ्या परत सुरू झाल्या, काढा नाही. रिक्षात ही एक अक्षर बोलली नाही. मला तिचा राग यायला हवा होता पण आला नाही, तिच्या हातातला तो पर्सचा बंद अजून दिसतो.

त्या गोळ्यांची अजून एक गंमत. त्या रिकाम्या पोटीच घ्याव्या लागतात, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाबरोबर, त्यातही तेलकट-तुपकट असेल तर, औषध रक्तात कित्येक पटींनी जास्त चढतं. आता मी पन्नास वर्षं साडेपाचला चहा घेणारा माणूस, चहाबरोबर दोन ग्लुकोजची बिस्किटं. पहिले पंधरा दिवस घरात याच्यावर बैठका. शेवटी माझ्याच लक्षात आलं की पाच वाजता तर मी लघवीला उठतोच! उठलो की गोळ्या, सव्वासहाला चहा. ज्या आजारानं झोपमोड केली त्यानंच वेळापत्रक जमवून दिलं. प्रेडनिसोलोन मात्र नाश्त्याबरोबर. आणि या गोळ्यांनी ब्लडप्रेशर चढतं, पोटॅशियम उतरतं, घोट्यावर सूज येते, म्हणून मीठ कमी, म्हणून पापड नाही, म्हणून लोणचं नाही. आलं लक्षात? गोळ्यांची दोन वर्षं आता संपलीत, पण बीपी वर गेलेलं खाली यायला तयार नाही, आणि बरणी हिच्या ताब्यात आहे.

रेडिएशनचे पाच आठवडे फार लिहीत नाही. ब्लॅडर भरलेलं आणि पोट साफ असं जावं लागतं, म्हणजे अर्धा लिटर पाणी पिऊन थांबायचं, आणि थांबायचं कुणी तर प्रोस्टेटवाल्यानं! एके दिवशी मशीन बंद पडलं, पाणी पिऊन पाऊण तास झाला, समोर आम्ही पाच म्हातारे निळे गाऊन घालून पाय आवळून बसलेलो, एकानं हळूच "विठ्ठल विठ्ठल" सुरू केलं आणि आम्ही हसायला लागलो, हसल्यावर काय झालं ते सांगायची गरज नाही. पावटे, चवळी, कोबी बंद होतं, गॅस झाला की सगळं हलतं म्हणून. शेवटच्या दोन आठवड्यांत जुलाब, मग मऊ भात, ताक, केळं, मुगाचं पातळ वरण.

आता मनाचं.

मला कोणी सांगितलं असतं की तू एक दिवस दुधाची पिशवी फुटली म्हणून रडशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. ओट्यावर पिशवी कापताना कात्री घसरली, दूध ओट्यावरून खाली, शेगडीच्या मागे, आणि मी तिथे उभा राहून हुंदके देत होतो. आई गेली तेव्हा असा रडलो नव्हतो. ही आली, फडकं घेतलं, ओटा पुसला, काही विचारलं नाही. नंतर वाचलं की या इंजेक्शनांनी असं होतं, चिडचिड होते, डोळ्यांत पाणी लगेच येतं, काहींना खरं डिप्रेशन येतं. वाचून बरं वाटलं आणि वाईटही, की म्हणजे ते रडणं माझं होतं का इंजेक्शनचं?

आणि ते घामाचे झटके. छातीतून वाफ उठते, मान, कान, टाळू, दोन मिनिटांत बनियन ओलं, मग थंडी. डिसेंबरात पुणं दहा डिग्रीवर आणि मी पहाटे तीनला गॅलरीत बनियनवर. एकदा ही नॅपकिन घेऊन मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "कळलं?" एवढंच.

मला कळलं. २००३ च्या सुमाराला हिची पाळी जाताना ही अशीच रात्री उठून पंखा पाचवर करायची आणि मी शाल ओढून कुरकुर करायचो, सकाळी बँकेत जायचंय, झोपू दे. एकदा "काय नाटकं लावलीस" असं म्हणालो होतो. वीस वर्षं तिनं ते वाक्य जपून ठेवलं होतं आणि त्या रात्री गॅलरीत एका शब्दात परत केलं, व्याज न लावता. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अनुभवातल्या सूचना सुरू झाल्या, चहा कोमट करून प्या, मिसळ आणि तिखट रात्री नको, उशाशी सुती पंचा ठेवा, दोन पातळ पांघरुणं घ्या एक जाड नको. चारही डॉक्टरांत सगळ्यात उपयोगी सल्ला हाच निघाला.

अजून एक गोष्ट आहे, लिहू का नको असं दोन दिवस चाललं होतं. नवराबायकोचं जे असतं ते या इंजेक्शननं संपतं, नुसतं जमत नाही असं नाही, इच्छाच विझते. या वयात काय त्याचं, असं सगळे धरूनच चालतात, डॉक्टरसुद्धा. पण मग हळूहळू माणूस शेजारी बसायचंही टाळतो, खांद्यावर हात ठेवायचं टाळतो. आम्ही दोघंही टाळत होतो आणि त्याबद्दल बोलायला आमच्याकडे शब्दच नव्हते, या विषयावर आम्ही अख्ख्या संसारात कधी मराठीत बोललेलोच नाही.

बाहेर जाणंही कमी झालं. लघवी थेंबथेंब व्हायची, पुण्यात सार्वजनिक स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्यातलं कुठलं उघडं असतं याचा मी आता एक्सपर्ट आहे. त्यावर मी शोधलेला उपाय म्हणजे पाणीच न पिणं. दिवसाला चार भांडी. मग चक्कर, बद्धकोष्ठ, एकदा इन्फेक्शन, आणि थकवा इतका की पेपर धरवेना. सगळ्यांना वाटलं कॅन्सर वाढला. पाणी कमी पडलं होतं.

त्याच दिवसांत एका तपासणीला तिथल्या समुपदेशक मुलीनं एक कागद दिला, त्यावर थर्मामीटरचं चित्र, खाली शून्य वर दहा, गेल्या आठवड्यात किती त्रास वाटला तिथे खूण करा. मी तीनवर केली. ही शेजारून वाकून बघत होती, म्हणाली, "मला पण एक कागद दे गं." आणि तिनं माझ्या वतीनं आठवर खूण केली. मुलगी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आमच्याकडे बघत राहिली. नंतर वाचलं की हे थर्मामीटर न्यूयॉर्कमध्ये निघालं, जिमी हॉलंड नावाच्या मानसोपचारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी, या जिमी म्हणजे बाई बरं का, आणि १९९८ साली पहिल्यांदा वापरून बघितलं ते प्रोस्टेट कॅन्सरच्या पुरुषांवरच. "तुम्हाला उदास वाटतं का" विचारलं की हे लोक "छे छे" म्हणतात, आकडा विचारला तर निदान आकडा तरी सांगतील, असा साधा हिशोब असणार. मी आकडापण खोटा सांगितला. चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं.

खरं तर तेव्हा असे विचार यायचे की रात्री झोपेतच गेलो तर सगळ्यांची सुटका होईल. स्वतःला काही करायचं वगैरे नाही, पण उठू नये असं. हे मी कुणालाच बोललो नव्हतो. हिला कसं कळलं विचारलं तर म्हणाली, तुम्ही आमटीला नावं ठेवायचं बंद केलंत. पंचेचाळीस वर्षं मीठ कमी, चिंच जास्त, काहीतरी म्हणायचो, ते थांबलं, वाढेल ते खाऊन ताट उचलून ठेवायला लागलो, तेव्हा तिला भीती वाटली. एका रात्री अडीचला मी १४४१६ वर फोन केला, ते टेलिमानस म्हणून सरकारी आहे, फुकट, २०२२ पासून चालू आहे. पलीकडे मराठी बोलणारा मुलगा, माझ्या नातवापेक्षा थोडा मोठा असेल, वीस मिनिटं बोलला, मुख्य म्हणजे ऐकलं. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलो, त्यांनी दिलेल्या गोळीनं मन तर सावरलंच, घामाचे झटकेही कमी झाले. ही गोळी घेतोय हे कट्ट्यावर सांगायला मात्र अजून चार महिने गेले.

आणि मग मी वही घातली. जुनी सवय. लाल कापडी पुठ्ठ्याची, डावीकडे काय खाल्लं, मधे प्रोटीन, उजवीकडे मन शून्य ते दहा, दहा म्हणजे वाईट. प्रोटीनचं कारण असं की डाएटिशियन म्हणाली स्नायू टिकवायचे तर किलोमागे १.२ ग्रॅम लागेल, म्हणजे माझं ऐंशीच्या आसपास. मला वाटलं आपण काय कमी खातो? पोहे, दोन वेळा मिळून पाच पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, ताक, संध्याकाळी चहा आणि बाकरवडी. बेरीज केली तर पंचेचाळीस पण होईना. पोळीत तीन, वाटीभर वरणात पाच-सहा, आणि बाकरवडीत जे आहे ते न विचारलेलं बरं. आख्खं पुणेरी जेवण मला उपाशी ठेवत होतं आणि पोट मात्र भरत होतं.

दोन महिन्यांनी उजवा रकाना घेऊन बसलो. टोमॅटो सार आणि मन यांचा काही संबंध लागला नाही. रात्र खराब गेली की दुसऱ्या दिवशी आकडा वर. पीएसएच्या आधीचे चार दिवस सातच्या खाली कधीच नाही, जेवणही अर्धं. एकटा जेवलो की कमी खाल्लेलं. मंडईत किंवा तळजाईच्या टेकडीवर जाऊन आलो की दोन-तीननं खाली. आणि जेवताना ताटावरून वाद झाला की, मग तो मोदकावरून असो नाहीतर पापडावरून, हमखास वर. सगळंच टॅली झालं असं नाही, काही दिवस कारण काहीच नाही आणि आकडा नऊ, तिथे मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलंय.

तेव्हाच्या एका रविवारी सगळे बसले असताना मी ऑडिट रिपोर्टसारखं हे वाचून दाखवलं. मला वाटलं लोक हसतील. ही उठून आत गेली. मागे गेलो तर म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" मी नाही नाही म्हणतोय तर म्हणाली, "सुई मला टोचता येत नाही, ते रिपोर्ट मला कळत नाहीत, गाडी चालवता येत नाही. मला स्वयंपाक येतो. मग मी काय करू सांगा." याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कोथिंबीर निवडायला घेतली, समोर पडली होती म्हणून. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, देठं एवढी नका टाकू.

मग वाटणी झाली. मीठ तिच्याकडे. साखरेचं मी आणि माझं ग्लुकोमीटर बघू, चिरंजीवांनी बोलायचं नाही. एक्सेल बंद, वही चालू. आणि प्रोटीन खातं माझ्याकडे. घरात कधी अंडं आलं नव्हतं, ते बहात्तर पूर्ण झाल्यावर आलं, पण स्वयंपाकघरात नाही, गॅलरीत इलेक्ट्रिक केटलमध्ये दोन अंडी मी स्वतः उकडतो, त्याचं वेगळं भांडं, वेगळा चमचा, वेगळं मीठ (चिमूटभर, मोजून). मूठभर भाजलेले शेंगदाणे, दुपारी दूध, पनीर आठवड्यातून तीनदा. डेक्सा स्कॅनमध्ये हाडं विरळ झालेली दिसली म्हणून सकाळी नाचणीची आंबील, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, वर कॅल्शियमची गोळी आणि व्हिटॅमिन डीचं साठ हजारचं पाकीट डॉक्टर सांगतील तसं. नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत म्हणून फिजिओनं दिलेला रबरी पट्टा ओढतो आणि खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठतो, पहिल्या दिवशी तीनदाच जमलं होतं.

पण माझं खरं खातं म्हणजे कडधान्याला मोड आणणं. मंडईतून मटकी मी निवडून आणतो, बसनं जातो, येताना त्या गर्दीत दोन माणसं ओळखीची भेटतातच. रात्री भिजत घालायची, सकाळी निथळून जुन्या धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायची, इतकी घट्ट की पुरचुंडी चेंडूसारखी लागली पाहिजे. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत फडक्यातून पांढरी टोकं बाहेर डोकावतात. थंडीत दोन दिवस लागतात, तेव्हा मी ती पुरचुंडी हॉटपॉटमध्ये ठेवून वर शाल टाकतो, एका रात्री मला घामाचा झटका आला तर मी माझी शाल काढून मटकीवर टाकली आणि हीला हसू आवरेना.

कट्ट्यावर मी शेवटी सांगितलं. प्रोस्टेट, कॅन्सर, मनाची गोळी, सगळं. सगळे गप्प. मग एक रिटायर्ड मास्तर म्हणाले, रेडिएशनला वेटिंग किती असतं? दुसऱ्यानं विचारलं, पार्किंग मिळतं का तिथे? कोणी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही, आमच्यात तसं नसतं. पण मास्तरांचा रात्री साडेनऊला फोन आला, ते कधीच फोन करत नाहीत, आणि पंधरा मिनिटं पार्किंगबद्दलच बोलले. शेवटी म्हणाले, माझा पीएसए अकरा आलाय, मुलाला सांगितलं नाहीये. मी म्हटलं उद्या सकाळी या, मोड आलेली मटकी देतो, आणि रिपोर्टही घेऊन या.

ते आले होते, हिनं त्यांना नाचणीची आंबील दिली आणि त्यांनी ती औषधासारखी डोळे मिटून प्यायली.

शुक्रवारी माझा पीएसए आहे, म्हणजे आज सोमवार, वहीत सात लिहायचे दिवस आजपासून सुरू. त्या लोणच्याच्या फोडीचं विचाराल तर ती रात्री भांडी आवरताना मी बघितली, ताटात नव्हती. हीला विचारलं, तर म्हणाली मी खाल्ली, वाया कशाला घालवायची. आता उठतो, मटकी भिजत घालायची राहिलीये.